चाळीचा मालक : भाडे, पागडी आणि करार यांचा एक इतिहास

मुंबईच्या चाळीविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. कथा, कादंबरी, नाटक, विनोद, आत्मचरित्र, लोकनाट्य अशा जवळजवळ प्रत्येक वाङ्मयप्रकारात चाळ आहे. चाळीतले नळ आहेत, गॅलरी आहे, गणपती आहे, भांडणे आहेत. मात्र या लेखनात चाळीचा मालक शोधू गेल्यास तो फारसा हाती लागत नाही. क्वचित भेटलाच तर पहिल्या तारखेला भाडे मागणारा, पुढचे एकोणतीस दिवस दुरुस्तीचा विषय टाळणारा एक गौण, बहुधा हास्यास्पद पुरुष म्हणून भेटतो. ज्याने पैसा गुंतवून ती वास्तू उभारली त्याने तो का गुंतवला, त्यातून त्याला काय मिळणार होते आणि प्रत्यक्षात काय मिळाले, हा प्रश्न आमच्या साहित्याने विचारलेला नाही. समीक्षेनेही तो विचारल्याचे आम्हांस फारसे आढळलेले नाही.

एरवी ही उणीव म्हणून दाखवण्याचे कारण नव्हते. साहित्याने भाडेकरूची बाजू घेतली यात वावगे काही नाही. परंतु चाळविषयक लेखनात चाळीचे जुनेपण, तिचे तडे, तिचे टेकूवर उभे असणे हे सारे ऋतुमानाप्रमाणे आपोआप घडत गेल्यासारखे येते आणि वाचक ते नियती म्हणून स्वीकारतो. वस्तुस्थिती अशी आहे की ती पडझड एका हिशेबाचे फलित आहे. त्या हिशेबातील एक आकडा १९४० साली गोठवला गेला, बाकीचे मोकळे राहिले, आणि पुढच्या साठ वर्षांत त्या गणिताने एक शहर, एक शब्दसंग्रह आणि बऱ्याच अंशी एक वाङ्मयीन परंपरा घडवली. येथे तो हिशेब मालकाच्या बाजूने मांडून पाहावा असे आम्ही योजिले आहे. यात मालकाची वकिली करण्याचा हेतू नाही.

घर भाड्याने देऊन उत्पन्न मिळवू पाहणाऱ्याचे व्यावहारिक प्रश्न दीडशे वर्षांत बदललेले नाहीत. गुंतवलेल्या रकमेवर वर्षाकाठी निव्वळ किती सुटेल? जागा किती दिवस रिकामी राहील? कर आणि डागडुजी यांत किती जाईल? आणि सर्वांत अवघड प्रश्न म्हणजे, जागा परत हवी असेल तेव्हा ती परत मिळेल काय?

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले, शेअरबाजार फुगला आणि युद्ध संपताच फुटला. या दणक्यानंतर हात पोळलेल्या भांडवलाला ज्या गोष्टी सुरक्षित वाटल्या असतील त्यांत घरबांधणी होती, असे मानण्यास हरकत नाही. कोकणातून आणि घाटावरून माणसे येत होती, त्यांना गिरणीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर रात्री पाठ टेकायला जागा हवी होती, आणि ही मागणी ओसरण्याचे चिन्ह नव्हते. चाळींचे मालक एका जातीचे वा एका वर्गाचे नव्हते. भाटिया, खोजा, पारशी होते. गिरगावात पाठारे प्रभू आणि ब्राह्मण कुटुंबे होती. धर्मादाय न्यास होते. पुष्कळदा जमीन एकाची, तिच्यावरची इमारत दुसऱ्याची आणि भाडेवसुली तिसऱ्याकडे असे. महिन्याच्या महिन्याला दारात उभे राहणारे मेहताजी अनेकदा या तिसऱ्याचे. साहित्यात मालक धूसर दिसतो त्याचे एक साधे कारण येथेच आहे; भाडेकरूलाही तो धूसरच दिसत असे.

या गुंतवणूकदारापुढे तुलनेसाठी एक ठोस वस्तू होती, ती म्हणजे सरकारी रोखे. साडेतीन टक्क्यांचे सरकारी कागद हे तेव्हाच्या मध्यमवर्गीय सावधगिरीचे प्रमाण होते. चाळीतून सर्व खर्च वजा जाता त्याहून बरेच अधिक सुटत नसेल, तर नळ-संडासाची कटकट कोण गळ्यात घेणार? केवळ उदाहरण म्हणून चाळीस खोल्यांची एक चाळ कल्पावी. खोलीमागे महिना पाच रुपये धरले तर महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे. त्यातून नगरपालिकेचा कर, जमिनीचे भाडे, मेहताजीचा पगार, पावसाळ्यापूर्वीची कौले आणि डांबर, बुडालेली भाडी आणि रिकामे महिने वजा करावे लागतात. निम्मे हाती राहिले तर बाराशे. इमारतीला वीस हजार लागले असतील तर सहा टक्के. हे आकडे आम्ही कल्पिले आहेत. त्यांचा आकार मात्र खरा आहे, आणि चाळीची वास्तू या आकारातूनच जन्मलेली आहे.

चाळीची गॅलरी घ्या. आमच्या कथाकारांनी गॅलरीत काय काय पाहिले नाही! प्रेमप्रकरणे, पापडांची वाळवणे, रात्रीच्या गप्पा, सामूहिक जीवनाचे रंगमंच. हिशेबात मात्र गॅलरी म्हणजे चाळीस दारे उघडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग. घराच्या आत जाण्यायेण्याची वाट काढली तर तेवढी जागा भाड्यातून वजा होते. तीच बाहेर, लाकडी तुळयांवर टांगली की खोल्यांची संख्या घटत नाही. सामायिक नळ आणि मजल्याच्या टोकाचे संडास यांचेही तसेच. प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास म्हणजे दर काही खोल्यांमागे एक भाडे कमी. ज्याला आपण ‘चाळसंस्कृती’ म्हणतो तिची माणसे खरी, जिव्हाळाही खरा. पण त्यांना एकत्र आणणारी भिंत कुणा समाजसुधारकाने रचलेली नव्हती.

१८९६ च्या प्लेगने हा हिशेब प्रथम हादरवला. मांडवीत रोग दिसला, लोक शहर सोडून पळाले, खोल्या ओस पडल्या. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नवे भूखंड आखले. यातील एक तपशील मात्र टिपण्याजोगा आहे. संपादित इमारतीची भरपाई ठरवताना तिचे भाड्याचे उत्पन्न विचारात घेतले जाई, म्हणजे जितकी अधिक माणसे कोंबलेली, तितकी ती इमारत ‘मौल्यवान’. रोगट वस्ती नाहीशी करण्यासाठी नेमलेली संस्था त्याच वस्तीच्या दाटीचे मोल चुकते करीत होती.

पहिल्या महायुद्धात बांधकामाचे साहित्य महागले, नव्या चाळी थांबल्या, १९१७ साली पाच टक्क्यांचे युद्धकर्ज बाजारात आले आणि सरकारी कागद अधिक आकर्षक झाला. माणसांचा ओघ मात्र थांबला नाही, भाडी चढली. सरकारने १९१८ साली युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा केला. तो तात्पुरता होता आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो खरोखरच संपला. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढचा ‘तात्पुरता’ कायदा संपला नाही.

याच सुमारास सरकार स्वतः घरमालक होऊन पाहत होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट विभाग स्थापन झाला. कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवून त्यातून पैसा उभारायचा आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या, असा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे मिळून २०७ चाळी झाल्या. त्या सिमेंट-काँक्रीटच्या होत्या, आगीला दाद न देणाऱ्या होत्या, आणि कामगारांना त्या आवडल्या नाहीत. भाडे परवडेना, गिरणीपासून अंतर पडे, रात्री दिवे नसत. कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळी तात्पुरते तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. रिकाम्या खोलीचा प्रश्न सोडवण्याची ही पद्धत कोणत्याही खासगी मालकास उपलब्ध नव्हती!

आता मुख्य भागाकडे येऊ. दुसरे महायुद्ध सुरू होताच भाडेनियंत्रण परतले आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो अमलात आला. त्याचे हृदय म्हणजे ‘प्रमाणित भाडे’ ही संकल्पना. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाणित; त्यानंतर प्रथम भाड्याने दिलेल्या जागेचे पहिले भाडे प्रमाणित. त्याहून अधिक घेणे बेकायदा. भाडेकरू प्रमाणित भाडे देत आहे आणि देण्यास तयार आहे तोवर त्याला काढता येणार नाही. मालकाला जागा स्वतःसाठी प्रामाणिकपणे हवी असेल तर मागता येईल. पण जागा सोडल्याने भाडेकरूला होणारा त्रास आणि न मिळाल्याने मालकाला होणारा त्रास यांची न्यायालय तुलना करील. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपण जाईल. मूळ मुदत थोड्या काळाची होती. ती वेळोवेळी वाढत गेली आणि कायदा अर्धशतक जगला.

या कायद्यामागची करुणा खोटी नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. फाळणीनंतर शहरात निर्वासितांचे लोंढे येत होते, युद्धातील टंचाई ओसरली नव्हती, आणि कायदा नसता तर गिरणीकामगार आणि कारकून रस्त्यावर आले असते. आमचा आक्षेप करुणेवर नाही, तिच्या गणितावर आहे. भाडे गोठले; विटा, लाकूड, गवंड्याची मजुरी आणि जमिनीची किंमत गोठली नाही. जागा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच ठेवली होती. पण ज्या खोलीचे भाडे दहा रुपये, तिच्या छपरावर शेकडो रुपये घालणारा मालक हा धर्मात्मा असेल, गुंतवणूकदार नव्हे. मालकाने त्याला शक्य होते ते केले, म्हणजे काहीच केले नाही. मुंबईच्या पावसाने उरलेले काम पार पाडले.

नगरपालिकाही या सापळ्यात अडकली, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. मालमत्ता कर इमारतीच्या संभाव्य वार्षिक भाड्यावर आकारला जाई आणि ते भाडे प्रमाणित भाड्याहून अधिक धरता येत नाही, असे न्यायालयांनी ठरवले. म्हणजे गोठलेल्या भाड्यासोबत शहराचे उत्पन्नही गोठले. मुंबईत भांडवली मूल्यावर आधारित कर आला तो २०१० साली.

दारातून आत येऊ न दिलेला पैसा खिडकीतून आला आणि त्याला नाव मिळाले ‘पागडी’. डोक्यावर घालायची वस्तू आणि भाड्याने जागा मिळवण्यासाठी एकरकमी मोजायचा पैसा यांना एकच शब्द, हा भाषेचा विनोद मुंबईकराला आता जाणवतही नाही. १९४७ च्या कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरवला होता. मालकाने घेतली तरी आणि जागा सोडणाऱ्या भाडेकरूने घेतली तरी. तरीही ती सर्वत्र चालू होती, कारण तिच्यावाचून कोणतीच जागा हलत नव्हती. जुना भाडेकरू नव्याकडून बाजारभावाच्या जवळपास रक्कम घेई, त्यातला साधारण तिसरा हिस्सा मालकाला देई, मालक नव्याच्या नावे पावती फाडी. सगळा व्यवहार रोखीचा. पावती मात्र दहा रुपयांची.

येथे आमच्या मते साहित्याच्या अभ्यासकाने थबकले पाहिजे. पागडीने भाडेकरूचा वर्ग बदलला. ज्याने पागडी मोजली किंवा ज्याच्या बापाने १९३५ साली खोली घेतली, तो नावाने भाडेकरू आणि व्यवहाराने अर्धा मालक झाला. त्याची खोली हीच त्याची ठेव. मालकाकडे वास्तूचे नाव आणि भाडेकरूकडे तिची किंमत, अशी ही विलक्षण वाटणी. दोघेही आता एकाच गोष्टीची वाट पाहू लागले: इमारत कधी पडते किंवा पाडली जाते याची. आजोबांच्या नावाची भाडेपावती नातू जपून ठेवतो ती भावनेपोटी असेलही, पण ती त्याची सनद असते. आपल्या कथांमधून थोरल्या भावाने खोली बळकावणे, म्हाताऱ्याला गावी धाडणे, लग्न होऊनही वेगळे बिऱ्हाड न करता येणे, या घटना नात्यांच्या कथा म्हणून वाचल्या जातात. त्या नात्यांच्या कथा आहेतच; पण मृत्यूसमयी ‘सोबत राहणारा’ कोण हे ठरवणारे कायद्याचे कलम त्या नात्यांच्या मध्यभागी बसलेले आहे.

पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ सालची, म्हणजे कायदा लागू होऊन दहा वर्षे झाल्यानंतरची. तीच माणसे, तेच शेजारी, वर्षानुवर्षे एकमेकांना सोडून जाऊ न शकणारी: या अटीवाचून त्या पुस्तकातला विनोद आणि त्याच्या अखेरचे चिंतन दोन्ही संभवत नाहीत. ही अट कोणी पुरवली? गोठलेल्या भाड्याने. ज्या शहरात घरभाडे दर वर्षी बाजाराप्रमाणे बदलते तेथे बिऱ्हाडे बदलतात, शेजार बनत नाही. चाळीतील स्थैर्य आम्ही परंपरेच्या खात्यावर मांडत आलो. त्यातला बराच भाग १९४७ च्या कायद्याच्या खात्यावर मांडायला हवा.

गुंतवणूकदाराने यातून कोणता धडा घेतला? त्याने भाड्यासाठी बांधणेच सोडले. नव्या इमारतीचेही पहिले भाडे कायमचे बांधले जाणार असेल तर ती भाड्याने का द्यावी? त्याऐवजी ती विकावी. सहकारी गृहनिर्माण संस्था वाढल्या. १९६३ साली महाराष्ट्रात मालकी सदनिकांविषयीचा कायदा झाला. ‘ओनरशिपचा फ्लॅट’ हा शब्दप्रयोग मराठीत रुळला. ज्याच्यापाशी एकरकमी पैसा वा कर्ज काढण्याची ऐपत नव्हती, त्याच्यासाठी चाळ नव्याने बांधली जाईना. तो झोपडपट्टीत गेला. चाळसाहित्य आणि झोपडपट्टीचे साहित्य यांच्या कालक्रमामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे, असे आमचे अनुमान आहे.

मध्ये एक पळवाट होती. जागा भाड्याने न देता केवळ ‘वापरण्याची परवानगी’ द्यायची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. भाडेकरू नाही, तर भाडेकरूचे संरक्षणही नाही. मालकांनी ती भराभर वापरली. १९७३ साली विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना एका फटक्यात भाडेकरू करून टाकले. ज्यांनी आपला फ्लॅट वर्षभरासाठी कुणा ओळखीच्याला दिला होता, त्यांपैकी कित्येकांना तो पुन्हा दिसला नाही. पुढील दोन पिढ्या मुंबईतील मध्यमवर्गीय मालक रिकामा फ्लॅट कुलूप लावून ठेवणे पसंत करीत, भाड्याने देत नसत, याचे मूळ या एका तारखेत बरेचसे आहे.

इमारती पडू लागल्या होत्या. १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. शहर बेटावरील १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून मंडळाने दुरुस्ती करावी अशी योजना होती. मालकाचे काम सरकारने पत्करले. टेकू, लोखंडी तुळया आणि संक्रमण शिबिरे यांचे पर्व सुरू झाले. ‘ट्रान्झिट कॅम्प’ या शब्दातील तात्पुरतेपणही कायद्याच्या तात्पुरतेपणासारखेच निघाले. काही कुटुंबांच्या दोन पिढ्या तेथे गेल्या. १९८६ साली एक पाऊल पुढे टाकण्यात आले. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास इमारत संपादित करता येईल आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट भरपाई मिळेल. आमच्या कल्पित चाळीला हे लावून पाहावे. चाळीस खोल्या, १९४० चे भाडे दहा रुपये धरले तर महिन्याला चारशे. शंभरपट म्हणजे चाळीस हजार. दक्षिण मुंबईतील जमिनीसकट अख्खी इमारत चाळीस हजारांना! मालकांची संघटना न्यायालयात गेली. ते प्रकरण १९९० च्या दशकापासून सर्वोच्च न्यायालयात तिष्ठत राहिले आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने बहुमताने असे सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही.

त्याआधी १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४० च्या पातळीवर भाडे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही असा निर्वाळा दिला होता. त्या दडपणाखाली महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली. दहा रुपयांवर ही वाढ चक्रवाढीने धरली तरी पाव शतकात सत्तावीस रुपये होत नाहीत. बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी वा अधिक भरणा-भांडवलाच्या कंपन्या मात्र संरक्षणातून वगळल्या गेल्या. आणि पागडी, जी बावन्न वर्षे गुन्हा होती, ती कायदेशीर झाली. साहित्याने कित्येक वर्षांपूर्वी नोंदवलेली वस्तुस्थिती कायद्याने तेव्हा मान्य केली.

आज जो कोणी मुंबईत भाड्याच्या उत्पन्नासाठी जागा घेऊ पाहतो, त्याच्यापुढील प्रश्न या इतिहासाच्या बाहेर नाहीत, म्हणून थोडा व्यवहार येथे सांगणे अस्थानी होणार नाही. पागडीची खोली स्वस्त दिसते म्हणून ती गुंतवणूक म्हणून घेऊ नये. पागडी मोजूनही आपण भाडेकरूच असतो. ती खोली मालकाच्या लेखी संमतीवाचून दुसऱ्याला पोटभाड्याने दिल्यास, किंवा सबळ कारणावाचून सहा महिने वापरात न ठेवल्यास, जागा सोडावी लागण्याचा दावा उभा राहू शकतो; म्हणजे जे करण्यासाठी गुंतवणूकदार जागा घेतो नेमके तेच करण्यास मनाई. स्वतः राहायचे असेल तर मालकाचे संमतिपत्र, आपल्या नावाची पावती, मागील पावत्यांची साखळी आणि इमारत उपकरप्राप्त आहे काय, हे पाहून व्यवहार करावा. पुनर्विकासाची आशा दाखवून किंमत वाढवणाऱ्याला आराखडा नव्हे, मंजुरीची कागदपत्रे मागावीत.

मालकीचा फ्लॅट लायसन्सने द्यायचा असेल तर मुंबईत वर्षाचे भाडे किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या आसपास भरते, त्यातून सोसायटीचे मासिक शुल्क, मालमत्ता कर आणि रिकामे महिने जातात. बँकेतील ठेवीशी ही तुलना ज्याने त्याने करून पाहावी. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी कागदाशी तुलना करणारा जुना मालक आजच्याहून अधिक रोखठोक होता असे म्हणावे लागते. आजचा गुंतवणूकदार भाड्यावर नव्हे, किंमत वाढण्यावर भिस्त ठेवतो, आणि भाड्याला केवळ वाट पाहण्याचा मोबदला मानतो. काही जण भाडे न घेता मोठी अनामत घेतात, तिला बाजारात ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात. पागडीची ही सावत्र बहीण. फरक एवढाच की ही रक्कम परत करावी लागते, आणि ती घेऊन खर्चून टाकणाऱ्या मालकाला मुदत संपताच ते आठवते.

अकरा महिन्यांच्या कराराविषयी एक दृढ गैरसमज आहे. वर्षाहून कमी मुदतीचा करार नोंदवावा लागत नाही, अशी समजूत देशात सर्वत्र आहे आणि तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. महाराष्ट्रात ती चालत नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. उलट नोंदणीकृत करार असेल तर मुदत संपल्यावर मालकाला लघुवाद न्यायालयाच्या दीर्घ वाटेने जावे लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जागा न सोडणाऱ्यास दुप्पट शुल्क भरावे लागू शकते. १९७३ च्या तारखेने घाबरलेल्या मालकाला परत बाजारात आणण्यासाठी ही व्यवस्था झाली, आणि तो आलाही.

या व्यवस्थेने शहरात नव्या प्रकारचा रहिवासी आणला, ज्याच्याविषयी मराठीत अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’मधील (१९९७) गिरणीकामगाराचे कुटुंब संपानंतर सर्व बाजूंनी कोसळते, तरी ते कोसळते आपल्या खोलीत, ती खोली हा त्या नाटकाचा पाया आहे. लायसन्सवर राहणाऱ्या कुटुंबाला असा पाया नाही. ते दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधते, मुलांची शाळा सांभाळून त्याच उपनगरात दुसरी इमारत शोधते, दलालाला एका महिन्याचे भाडे देते. मांसाहार करता काय, आडनाव काय, अविवाहित आहात काय, या प्रश्नांची उत्तरे दरवेळी नव्याने देते. कायद्याने भाडेकरूला जे पूर्वी अति दिले ते आता जवळजवळ काहीच दिलेले नाही, आणि मालकाची मर्जी चाळीच्या काळात कधी नव्हती एवढी बळकट झाली आहे. चाळीच्या कथेत मालक नव्हता. या कथेत, लिहिली गेली तर, तो पहिल्याच पानावर येईल.

तूर्त त्या जगाचा लिखित दस्तऐवज म्हणजे तो करारच. त्यात ‘भाडे’ आणि ‘भाडेकरू’ हे शब्द कटाक्षाने टाळलेले असतात. ‘शुल्क’ आणि ‘लायसन्सधारक’ असतात. लायसन्सधारकाचा जागेवर कोणताही हक्क वा हितसंबंध निर्माण होत नाही, ताबा कायद्याने मालकाचाच आहे, मालक पूर्वसूचना देऊन जागा पाहू शकतो, भिंतीला खिळा ठोकायचा असेल तर परवानगी घ्यावी, असे त्यात लिहिलेले असते. दाराची एक किल्ली मालकाकडे राहील, असेही काही करारांत असते.